गिअरबॉक्स गेला म्हणतात! दुरुस्त करायचा, बदलायचा, की गाडीच विकायची?

गाडी गॅरेजला टाकलेली असते. दुपारी फोन येतो, ‘साहेब, गिअरबॉक्स गेलाय. बदलावा लागेल.’ पाठोपाठ एक आकडा सांगितला जातो आणि तो ऐकून पोटात गोळा येतो. गाडी सात-आठ वर्षं जुनी असेल, तर तो आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावरही जाऊ शकतो. रोज कामाला गाडी लागणारा माणूस अशा वेळी घाईने ‘करून टाका’ म्हणतो, नाहीतर गाडी मिळेल त्या किमतीला विकून मोकळा होतो. दोन्हींत नुकसान होण्याची शक्यता मोठी असते.

याचं कारण सोपं आहे. ‘दुरुस्ती की बदली’ हा प्रश्न दुसरा आहे. त्याआधी ‘नेमकं काय बिघडलंय?’ या प्रश्नाचं उत्तर हातात हवं. ते मिळालं की पुढचा निर्णय बराचसा साध्या हिशेबाने होतो.

तुमच्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे?

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेताना वेग आणि जोर यांचं गणित जमवणं हे गिअरबॉक्सचं काम. पण सगळे गिअरबॉक्स सारखे नसतात, आणि दुरुस्ती परवडेल की नाही हे बरंचसं प्रकारावर ठरतं.

मॅन्युअल : क्लच दाबून हाताने गिअर टाकायचा. आत दातेरी चाकं, बेअरिंग आणि गिअर अलगद जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात. हा सर्वांत साधा प्रकार. बहुतेक वेळा एखादाच भाग झिजलेला असतो आणि तेवढाच बदलता येतो.

एएमटी : भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमधून हा प्रकार स्वस्त गाड्यांमध्ये आला. याला ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तुमच्याऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाची यंत्रणा करते. क्लच प्लेटही तीच आणि तशीच झिजणारी.

टॉर्क कन्व्हर्टर : हा जुना, पारंपरिक ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातली जोडणी तेलाच्या दाबावर चालते. आत क्लचच्या चकत्यांचे संच आणि तेलाचा दाब वाटून देणारी व्हॉल्व्ह बॉडी असते. हा टिकाऊ असतो, पण उघडायला जाणकार लागतो.

सीव्हीटी : यात ठराविक गिअर नसतात. दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी बदलत जाते. याचं ऑइल वेगळं असतं. चुकीचं ऑइल घातलं तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे उठतात.

डीसीटी : यात दोन क्लच असतात. एक चालू गिअर सांभाळतो, तोपर्यंत दुसरा पुढच्या गिअरची तयारी करतो. त्यातल्या ‘ड्राय’ प्रकारात क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते लवकर तापतात.

लक्षणं काय सांगतात?

मेकॅनिककडे जाण्याआधी दोन दिवस गाडीचं वागणं नीट पाहा आणि लिहून ठेवा. गाडी थंड असताना होतं की तापल्यावर? एकाच गिअरला की सगळ्यांना? चढावर की सपाट रस्त्यावर? या नोंदींतून अर्धं निदान होतं.

मॅन्युअल गाडीत इंजिन चालू असताना कोणताच गिअर नीट पडत नाही, पण इंजिन बंद केल्यावर सगळे गिअर सहज पडतात. अशा वेळी दोष बहुधा गिअरबॉक्समध्ये नसतो. क्लच पूर्ण सुटत नसतो. केबल, क्लचचं तेल किंवा सिलिंडर आधी तपासायला हवा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. मॅन्युअल किंवा एएमटीमध्ये याचा अर्थ बहुतेक वेळा क्लच प्लेट झिजली असा होतो. हे काम खर्चिक असलं तरी गिअरबॉक्स बदलण्याच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे. हेच लक्षण टॉर्क कन्व्हर्टर गाडीत दिसलं, तर आधी ऑइलची पातळी पाहायची. ती ठीक असेल तर आतल्या चकत्यांवर संशय.

फक्त एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, खरखर होते. मग त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असावी. गिअर टाकल्यावर आपोआप न्यूट्रलला येत असेल, तर आतले दाते किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलेला असू शकतो. मात्र गिअरबॉक्सचं माउंटिंग तुटलं, तरी असंच होऊ शकतं.

आवाजाचीही एक सोपी परीक्षा आहे. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लच सोडलेला असताना गुरगुर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग गेलंय. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचं रिलीज बेअरिंग संपलंय.

ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद थांबून मग दचका देऊन निघते, गिअर बदलताना झटके बसतात किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. ही लक्षणं ऑइल, सेन्सर, व्हॉल्व्ह बॉडी यांपासून आतल्या मोठ्या झिजेपर्यंत कशाचीही असू शकतात. इथे अंदाजावर जाऊ नये.

उघडण्याआधी करायच्या स्वस्त तपासण्या

गिअरबॉक्स खाली उतरवणं हेच मोठं काम असतं. त्याआधी काही गोष्टी पाहिल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट बॅटरी. एएमटी आणि डीसीटी यांचा कारभार विजेवर चालतो. बॅटरी अशक्त असेल तर गिअर न पडणं, डॅशबोर्डवर दिवा लागणं असे प्रकार होतात. कधी कधी बॅटरी किंवा एखादं गंजलेलं कनेक्शन बदलल्यावर ‘गेलेला’ गिअरबॉक्स पुन्हा चालू लागतो.

दुसरी गोष्ट ऑइल. ऑटोमॅटिकचं ताजं ऑइल बहुतेक वेळा लाल, पारदर्शक असतं. ते काळपट झालं असेल आणि त्याला जळका वास येत असेल, तर आत चकत्या घासल्या जात आहेत. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर हे घडतं. काही गाड्यांत ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरमध्येच असतो. तो आतून फुटला, तरी कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात.

ऑइल काढल्यावर आतल्या चुंबकाकडे पाहायला सांगा. त्यावर राखाडी, मऊ लेप असणं नेहमीचं आहे. पण बोटाला टोचतील असे धातूचे कण किंवा तुकडे सापडले, तर आत काहीतरी तुटलंय. अशी गाडी पुढे चालवू नये. तो चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो आणि चांगली बेअरिंगंही खराब करतो. आज एका भागावर भागणारं काम महिनाभराने पूर्ण गिअरबॉक्सवर जातं.

तिसरी गोष्ट स्कॅनर. गाडीच्या संगणकातले कोड वाचून घ्या आणि त्यांचा प्रिंट किंवा फोटो मागा. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. उदाहरणार्थ, ‘पी०७००’ हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाने दोष नोंदवलाय. कोणता भाग गेला ते तो सांगत नाही. केवळ त्या कोडवरून कुणी ‘बदलावा लागेल’ म्हणत असेल, तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा.

गाडी दुसरीकडे न्यायची तर ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना चालती चाकं फिरली, तर आतले भाग तेलाविना घासतात. चारही चाकं वर घेणारी टोइंग गाडीच बोलवा.

आता पर्याय कोणते?

निदान पक्कं झालं की साधारण चार वाटा असतात.

एक, बिघडलेला भागच बदलणं. मॅन्युअल आणि एएमटीमध्ये बहुतेक वेळा हाच योग्य मार्ग. सिंक्रो रिंग, बेअरिंग, ऑइल सील, एएमटीचा अ‍ॅक्च्युएटर हे सुटे बदलता येतात. गिअरबॉक्स खाली उतरवलाच आहे, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाच्या मागचं ऑइल सील त्याच वेळी तपासून घ्या. ती झिजलेली असतील तर तेव्हाच बदला, म्हणजे तेच लेबर पुन्हा द्यावं लागणार नाही. एएमटीमध्ये क्लच बदलल्यावर स्कॅनरने नवं कॅलिब्रेशन करावं लागतं. ते झालं नाही, तर नवीन क्लचही झटके देतो.

दोन, ओव्हरहॉल. म्हणजे पूर्ण गिअरबॉक्स उघडून सगळे झिजलेले भाग बदलणं. टॉर्क कन्व्हर्टरसाठी हा चांगला पर्याय आहे, पण काम करणारा त्याच प्रकारच्या गिअरबॉक्समधला हवा. ‘आम्ही सगळं करतो’ म्हणणाऱ्याला ‘हाच गिअरबॉक्स आधी किती वेळा उघडलाय?’ असं सरळ विचारा. सीव्हीटी उघडून पट्टा आणि पुली नीट बसवणारे लोक कमी आहेत. त्यामुळे तिथे आत मोठी झीज असेल तर बदलीकडे कल ठेवलेला बरा.

तीन, जुना गिअरबॉक्स. अपघातात मोडलेल्या किंवा स्क्रॅपमध्ये गेलेल्या गाडीचा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अशा सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. आरसीवर इंजिन आणि चॅसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलचा तसाच गिअरबॉक्स बसवण्यात इंजिन बदलताना येते तशी नंबरनोंदीची अडचण येत नाही. धोका वेगळा आहे. तो किती चालला आणि कसा चालवला गेला, हे सांगणारं कुणी नसतं. शिवाय एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे गिअरबॉक्स वेगळे असू शकतात. नाव पाहून घेऊ नका, पार्ट नंबर जुळवा. डीसीटीमध्ये जुना कंट्रोल युनिट बसवताना गाडीशी कोडिंग करावं लागतं. ते करून देणारा आधी शोधा, मग वस्तू घ्या. बिल आणि लेखी हमी नसेल तर स्वस्ताच्या मोहात पडू नका.

चार, कंपनीची नवी असेंब्ली. सर्वांत महाग, पण हमी सर्वांत चांगली. तरीही एक काळजी घ्यावी लागते. जुन्या ऑटोमॅटिकच्या आत तुकडे झाले असतील तर ते कूलर आणि नळ्यांमध्येही गेलेले असतात. त्या साफ न करता किंवा न बदलता नवा गिअरबॉक्स जोडला, तर जुनाच चुरा नव्यात जातो आणि खर्च पाण्यात जातो.

इथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पार्ट मिळतील का. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेव्हरोलेची विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. बाजारातून गेलेल्या कंपनीची गाडी असेल, तर दुरुस्तीला होकार देण्याआधी पार्ट हातात येईल ती तारीख विचारा. पार्टची वाट पाहत तीन महिने गाडी उभी राहिली, तर तो खर्चही तुमचाच.

हिशेब कसा मांडायचा?

‘दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर गाडी काढून टाकावी,’ असं सर्रास सांगितलं जातं. सांगायला सोपं आहे, पण हा नियम अपुरा आहे. दुसरी गाडीही फुकट येत नाही, हे त्यात धरलेलंच नाही.

त्याऐवजी तीन आकडे काढा. गाडी चालू स्थितीत किती मिळतील? आहे त्या बिघडलेल्या स्थितीत किती मिळतील? दुरुस्तीचा एकूण खर्च किती, म्हणजे लेबर, ऑइल आणि जीएसटी धरून?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नऊ वर्षांची ऑटोमॅटिक गाडी. चालू स्थितीत ३ लाख, बिघडलेली १ लाख ६० हजार. म्हणजे फरक १ लाख ४० हजारांचा. ओव्हरहॉल ९० हजारांत होतंय, नवी असेंब्ली १ लाख ७० हजारांना पडतेय.

गाडी विकायचीच असेल तर? ओव्हरहॉल करून विकली तर ३ लाखांतून ९० हजार जाऊन २ लाख १० हजार हाती राहतात. तशीच विकली तर १ लाख ६० हजार. म्हणजे दुरुस्त करून, बिल दाखवून विकण्यात ५० हजारांचा फायदा. पण नवी असेंब्ली टाकून विकली तर १ लाख ३० हजारच उरतात, म्हणजे तशीच विकण्यापेक्षा ३० हजार कमी. थोडक्यात, खर्च त्या फरकापेक्षा कमी असेल तर दुरुस्ती करून विकणं परवडतं, जास्त असेल तर नाही. आणि तशीच विकताना दोष लपवू नका. खरेदीदाराला सांगून, कागदावर लिहून विका.

गाडी ठेवायची असेल तर हिशेब महिन्याचा करा. गाडी आणखी तीन वर्षं वापरणार असाल तर ९० हजार भागिले ३६, म्हणजे महिन्याला अडीच हजार. नवी असेंब्ली घेतली तर साधारण ४ हजार ७०० रुपये. आता हे दुसऱ्या गाडीच्या हप्त्याशी, तिच्या वाढीव विम्याशी आणि रोड टॅक्सशी ताडून पाहा. कित्येकदा ‘महागडी’ दुरुस्तीच स्वस्त ठरते.

मात्र तीन वर्षं धरताना गाडीची बाकीची तब्येत खरी हवी. म्हणून गिअरबॉक्सवर पैसे घालण्याआधी इंजिन, सस्पेन्शन, एसी आणि खालचा पत्रा तपासून घ्या. किनारपट्टीवर, कोकणात किंवा गोव्यात फिरलेल्या गाडीचा पत्रा खालून गंजलेला असण्याची शक्यता जास्त. इंजिन ऑइल खात असेल आणि पत्रा सडला असेल, तर चांगला गिअरबॉक्सही ती गाडी वाचवणार नाही.

गाडीचं वयही धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी चौदाव्या वर्षात असेल तर तिचं आयुष्य तीन वर्षं धरण्याआधी हा खर्च मिळवा. भंगारात द्यायचीच असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते, आणि जुनी गाडी तुमच्या नावावर कुठेतरी फिरत राहण्याची भीतीही राहत नाही.

टॅक्सी किंवा मालवाहतुकीची गाडी असेल तर चौथा आकडा येतो, बुडालेल्या दिवसांचा. ओव्हरहॉलला वीस दिवस आणि असेंब्ली बदलायला चार दिवस लागत असतील, तर मधल्या सोळा दिवसांची कमाई ओव्हरहॉलच्या खर्चात मिळवूनच तुलना करा.

विमा आणि वॉरंटी विसरू नका

नेहमीचा संपूर्ण विमा झीज आणि यांत्रिक बिघाड भरून देत नाही. पण दगड लागून गिअरबॉक्सचं आवरण फुटलं, तर ते अपघाती नुकसान ठरू शकतं. इंजिन आणि गिअरबॉक्स संरक्षणाचं जोडकलम घेतलं असेल, तर पाणी शिरून झालेल्या नुकसानीवरही दावा करता येतो. अशा वेळी गाडी उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहण्याआधी गिअरबॉक्स खोलला तर दावा अडकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करायचा प्रयत्नही करू नका.

वाढीव वॉरंटी घेतली होती का, हेही कागद काढून पाहा. कित्येकांना ती घेतल्याचं आठवतही नाही.

होकार देण्याआधी लेखी घ्या

दोष कोणत्या भागात आहे आणि तो कशावरून ठरवला? एस्टिमेटमध्ये पार्ट, लेबर, ऑइल, जीएसटी वेगवेगळे लिहिले आहेत का? उघडल्यावर दुरुस्त न करायचं ठरलं, तर खोलण्याचे आणि परत जोडण्याचे किती घेणार? खर्च वाढला तर आधी विचारणार ना? काढलेले जुने भाग परत देणार का? हमी किती महिन्यांची, आणि त्यात पार्टबरोबर लेबरही धरलंय का?

हे सगळं जॉब कार्डवर लिहून घ्या. चांगल्या गॅरेजवाल्याला या प्रश्नांचा राग येत नाही. पुढे वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतानाही तोच मागतील.

गिअरबॉक्सचा खर्च मोठा असतो, पण निर्णय त्याच फोनवर द्यायची घाई सहसा नसते. गाडी उभी आहे तोवर बिघाड वाढत नाही. दोन दिवस घ्या, दुसरं मत घ्या, तीन आकडे कागदावर मांडा आणि मगच ‘करा’ म्हणा.